वस्तू नसलेल्या खेळाचा संग्रह

तुमच्या कामातले चार अनुभव लिहून पाठवा, असे दिवाळी अंकाच्या संपादकांचे पत्र आले तेव्हा सवयीप्रमाणे मी आधी यादी केली. सव्वीस प्रसंग निघाले. त्यांतले बहुतेक असे होते की अडचण आली, मी ती दूर केली, नोंद केली, संपले. असले प्रसंग वाचून कोणाची दिवाळी गोड होणार नाही म्हणून ते खोडले. उरले ते तीन. त्यांचा उलगडा मला अजून झालेला नाही, म्हणून ते जसे घडले तसेच सांगतो.

माझे काम काय, हे आधी सांगायला हवे. रत्नागिरीतल्या आमच्या व्यायामशाळेने खेळांचे एक लहानसे संग्रहालय काढले आहे. आखाड्यामागच्या दोन खोल्या, चार कपाटे, एक लांब फळी आणि मी. पूर्वी मी वाचनालयात कारकून होतो. व्यायामशाळेचे अध्यक्ष भाऊसाहेब हे वकील. ते म्हणाले, "जो माणूस पुस्तकांना वाळवी लागू देत नाही, तो विटीदांडूलाही लागू देणार नाही. उद्यापासून या." खेळाशी माझा संबंध एवढाच.

तेव्हा बोलपट आले नव्हते, पण क्रिकेट शाळाशाळांतून आले होते. हुतुतू, आट्यापाट्या खेळणारी गावोगावची माणसे मुंबईला गिरण्यांत जाऊन राहिली होती. शिवाय देशावरच्या संस्थांनी आपल्या खेळांचे नियम छापायला सुरुवात केली होती, आणि ते नियम आमच्याकडच्या एकाही गावाशी जुळत नव्हते. भाऊसाहेबांना घोर लागला. "अहो, छापील ते खरं होईल आणि आपलं ते खोटं ठरेल. आपल्या लोकांनी कसं खेळलं त्याचा काही तरी पुरावा ठेवा." वकिलाला पुराव्यावाचून झोप येत नाही.

मी तीन वह्या घातल्या. एकीत वस्तू केव्हा आणि कोणाकडून आली, दुसरीत तिचे वर्णन, तिसरीत ती कोणत्या फळीवर आहे. बाकीचे काम घरच्या सुगृहिणीचे असते तसे. लाकडाला वर्षातून दोनदा उंडेल, म्हणजे उंडीचे तेल, लावायचे, लेझमीच्या साखळ्यांना पावसाळ्यापूर्वी खोबरेल, कपाटांच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या. कोणीही यावे आणि कोणतीही वस्तू मागावी, तुळशीला पाणी घालायला लागतो तेवढ्या वेळात मी ती काढून देतो. हा अभिमान मला अजूनही आहे.

आता पहिला प्रसंग. मंडणगडाकडचे एक गृहस्थ बैलगाडीत एक गोल धोंडा घालून, वाटेत मुक्काम करीत आले. म्हणाले, "आमचे पणजोबा हा खांद्यावर घेऊन देवळाला फेरी घालीत." मी पावती दिली, धोंडा दाराशी ठेवला, वर चिठ्ठी लावली. पंधरवड्याने त्यांचेच चुलतभाऊ काही कोर्टाच्या कामासाठी आले, चिठ्ठी वाचली आणि हसत सुटले. "अहो, हा आमच्या मोडक्या घाण्याचा धोंडा! पणजोबांना दमा होता. ते स्वतःचं धोतर उचलून जिना चढले तरी घरात साखर वाटीत!"

मी भाऊसाहेबांकडे गेलो. "काय लिहू?"

"दोन्ही बाजू लिहा. निकाल देणं आपलं काम नव्हे."

मी दोन्ही बाजू लिहिल्या. पण धोंडा दाराशीच आहे आणि आखाड्यातली मंडळी येता-जाता तो खांद्यावर घेऊन बघतात. दहा वर्षे हे चालले आहे. म्हणजे आता तो खरोखरच उचलायचा धोंडा झाला आहे. तेव्हा त्याच्याविषयी जे खोटे लिहिले होते ते आता खरे धरायचे की कसे, हे मला कळत नाही.

दुसरा प्रसंग एका शिक्षकांच्या कुटुंबाचा. बाई दोन्ही खोल्या सावकाश पाहून माझ्या मेजाशी आल्या. "काय हो, बायका कधी खेळल्याच नाहीत वाटतं?"

"तसं नव्हे. आपण खेळाचं नाव सांगा, मी रकाना आखतो."

त्यांनी पदराची गाठ सोडून पाच सागरगोटे मेजावर ठेवले. "हे माझ्या आईचे. लिहा. आणि फुगडी लिहा."

"फुगडीची वस्तू कोणती?"

"दोन बायका," त्या म्हणाल्या. "ठेवता कपाटात?"

मी 'फुगडी' असे नाव लिहून पुढची जागा कोरी ठेवली. माझ्या वहीतली ती पहिली कोरी जागा.

तिसरा प्रसंग मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आट्यापाट्या ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जमिनीवर एकापुढे एक अशा आडव्या पाट्या आखतात. प्रत्येक पाटीवर एक गडी उभा राहतो. त्याने पाटी सोडायची नाही, पाटीवरच डावी-उजवीकडे धावायचे. दुसऱ्या बाजूच्या गड्यांनी हूल देत, अंग चोरत, त्याचा हात लागू न देता एकेक पाटी ओलांडायची आणि शेवटपर्यंत जाऊन परत यायचे. खेळाला ना चेंडू, ना दांडू. शिमगा झाला की पाट्या पायांनी पुसल्या जातात आणि त्या जागी शेत नांगरले जाते. आता याचा संग्रह कसा करणार? म्हणून खाडीपलीकडून, पावसच्या वाटेवरल्या एका गावातून, शिवराम नावाचा शेतकरी खांद्यावर सुंभाच्या दोरीचे मोठे वेटोळे घेऊन आला, तेव्हा मला देव भेटल्यासारखे झाले.

"मास्तर, ही आमच्या गावच्या पाट्यांची दोरी," तो म्हणाला. (वही समोर घेऊन बसलेल्या माणसाला आमच्याकडे मास्तरच म्हणतात.) "घरात वाळवी लागतंय. खेळणारं मुंबैला. तुमी जपा."

मी पावती दिली. तो वाचता न येणारा कागद त्याने कपाळाला लावून मुंडाशात खोचला आणि गेला.

दोरी फार गैरसोयीची होती. मध्ये मध्ये मोठाल्या गाठी. वेटोळे नीट बसेना, फळीवरून खाली लोंबे. शिवाय माझ्या दुसऱ्या वहीत लांबीचा रकाना होता आणि गाठी असलेल्या दोरीची खरी लांबी कशी लिहिणार? गाठीत किती दोरी अडकली आहे कोणास ठाऊक. मी विहिरीजवळच्या डोणीत दोरी दोन दिवस भिजत घातली. सुंभ मऊ झाला. मग बसून एकेक गाठ सोडली, दोरी उन्हात ताणून वाळवली, मोजली, लांबी लिहिली आणि सुरेख गुंडाळी करून फळीवर ठेवली. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूष होतो.

तीन वर्षे गेली. शिमग्यात, पाट्यांच्या आदल्या दिवशी, शिवराम आला. चेहरा फुललेला. गिरणीतली मंडळी या वर्षी झाडून सारी गावी आली होती, शेजारच्या गावाशी पाट्या ठरल्या होत्या. "आखायपुरती दोरी द्या. शिमगा झाला का परत आनून देतंय."

मी लगेच गुंडाळी काढून त्याच्या हातात दिली. त्याने ती हातावर उलगडायला सुरुवात केली. दोनचार हात उलगडली, थांबला, पुन्हा उलगडली. मग टोक येईपर्यंत भराभर ओढत गेला.

"ही न्हवं," तो म्हणाला. "गाठीची द्या."

"हीच ती. मी गाठी सोडल्या. मोजायला."

तो दोरीच्या ढिगाऱ्यात खाली बसला. रागावला असता तर मला सोपे गेले असते.

"लखमादादानं बांदल्याल्या," तो म्हणाला.

मग हळूहळू जे कळले ते असे. त्या गावात दोन पाट्यांमधले अंतर दोन वाव असते. वाव म्हणजे माणसाने दोन्ही हात पसरले की एका हाताच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंतचे अंतर. पण कोणाचा वाव? तर गावात पाटी राखण्यात जो सर्वांत तरबेज, त्याचा. तो हात पसरून उभा राहतो, त्याच्या वावाने दोरी मोजतात आणि दर दोन वावांना तो स्वतः गाठ मारतो. शिवरामचा थोरला भाऊ लखमा हा तसा गडी होता. साथीच्या तापात तो मुंबईत वारला. तिकडेच दहन झाले. त्याची तसबीर नाही. अंगरखे वापरून फाटले. त्याचे म्हणून जगात जे काही माप उरले होते ते त्या गाठींत होते, आणि ते मी डोणीत भिजवून सोडले होते.

मी भिंग आणले. जिथे गाठ होती तिथे सुंभाचा रंग वेगळा असणार, असा माझा हिशेब. आम्ही दोघे दोरी पसरून गुडघ्यांवर रांगत गेलो. खुणा सापडल्याही. पण गाठी होत्या नऊ आणि खुणा निघाल्या बावीस.

"ही आमच्या बाबाची आसंल," शिवराम एका खुणेवर बोट ठेवून म्हणाला. पुढच्या खुणेवर तो अडखळला. "ही चुलत्याची. का दादाची? मास्तर, काय समजत नाय ओ."

भाऊसाहेबांना सारे सांगितले. त्यांनी विचारले, "वहीत गाठींचं अंतर लिहिलंय?"

"नाही. लांबी लिहिली आहे."

"म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी ती दोरी आली, तेवढी सोडून बाकी सगळं लिहिलंत," ते म्हणाले. नंतर म्हणाले, "जा त्याच्याबरोबर. जे करता येईल ते करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मापाची फीत खिशात घातली, वही घेतली आणि शिवरामबरोबर भाट्याची खाडी ओलांडणाऱ्या तरीत बसलो. तरीवाल्याने विचारले, "शिवादा, दोरी गावली काय?" तर "व्हय, गावली," एवढेच म्हणाला.

कापणी झालेल्या भाताच्या मळ्यात माणसे जमली होती. लखमाबरोबर खेळलेले तिघे म्हातारे मी पुढे बसवले आणि एकेकाला विचारले. पहिला म्हणाला, लखमा माझ्याहून वीतभर उंच. दुसरा म्हणाला, उंच कसला, हात लांब होते. तिसऱ्याने शपथेवर सांगितले की लखमा बुटका होता आणि त्याची सारी कमाल पायांत होती. मग तिघांत जुंपली. मी वहीत तीन रकाने आखले आणि तिन्ही भरले. ते वाचून पाहिले तर ती तीन निराळी माणसे होती.

एवढ्यात लखमाची बायको, सखूवहिनी, मळ्याच्या कडेला येऊन उभी राहिली. पदर दोन्ही हातांनी गच्च धरलेला. "घराकडं या," ती म्हणाली. "मी दावते."

घराच्या पडवीला लाकडी खांब होते. त्यांतले मधले दोन तिने दाखवले. "कामावरनं येऊन हितं उबं ऱ्हायाचे, नि हात पसरून आंग मोडायचे. एक हात या खांबाला लागं, दुसरा त्या. रोज."

मला हायसे वाटले. एक वाव हातात आला, दुप्पट केला की काम झाले. शिवराम मात्र मान हलवू लागला.

"वयनी, वादळात पडवी पडली तवा खांब मी नवे उबे केले. जोत्यातला चिरा फुटल्याला. खांब सरकल्यात."

"नाय सरकले."

"मी उबे केले नि मला म्हाईत नाय?"

"तुमी उबे केलेत. मी रोज बगते."

दोघेही एकमेकांकडे न बघता खांबांकडे बघत बोलत होते. पाहुणे गाव येऊन ताटकळले होते. शेवटी म्हाताऱ्यांनी सांगितले, वहिनी म्हणते तसे धरा. दोरी या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणली, दुप्पट केली, शिवरामने पहिली गाठ मारली आणि त्या मापाने बाकीच्या मारल्या. मळ्यात राखेने पाट्या आखल्या गेल्या. शिवराम शेवटच्या पाटीवर कितीतरी वेळ उभा राहिला होता.

खेळ सुरू झाला आणि पहिल्या डावातच गोंधळ उडाला. पाट्या फार लांब लांब पडल्या होत्या. पाहुण्यांचा गडी दोन पाट्यांमध्ये खुशाल उभा राही, दम खाई आणि निघून जाई. आमच्या बाजूच्या कोणाचाच हात पोचेना. पाहुणे ओरडू लागले, "अरे, पाट्या आखल्यात का गुरांचा गोठा?" गावचा केशव म्हणून गिरणीतला एक उंच गडी होता. तो या वर्षी सर्वांत चांगला. तोही हात टाकून टाकून दमला आणि शिवरामकडे वळून म्हणाला, "शिवाकाका, ह्या पाट्या लखमाकाकांच्या. ते आसते तर राकल्या आसत्या. आमी कशा राकू?"

मी शिवरामच्या तोंडाकडे बघत होतो. त्याने पुढे होऊन पायाने पहिली पाटी पुसली. मग दुसरी. मग सगळेच पुसू लागले. केशवला मध्ये उभा केला, त्याने हात पसरले, शिवरामने स्वतः मारलेल्या गाठी स्वतः सोडल्या आणि केशवला त्याच्या वावाने मारायला दिल्या. नव्या पाट्या पडल्या. खेळ असा रंगला की मी, ज्याने आयुष्यात कधी पाटी ओलांडली नाही, तो मळ्याच्या बांधावर उभा राहून ओरडत होतो. आमचे गाव हरले, पण अगदी थोडक्यात.

मला मात्र त्या आनंदातही एक गोष्ट टोचत होती. पहिल्या पाट्या लांब पडल्या त्या का? लखमा खरोखरच एवढा मोठा गडी होता म्हणून, की खांब सरकले होते म्हणून? दोन्ही म्हणणी तितकीच खरी वाटत होती. खांब सरकले असतील तर ते लखमाचे माप नव्हतेच. सरकले नसतील तर तेच त्याचे माप, आणि ते शिवरामने माझ्यासमोर सोडले होते.

संध्याकाळी शिवरामने केशवच्या गाठींसकट दोरी माझ्या खांद्यावर टाकली. "घ्या, मास्तर. जपा. नि आता मोजू नका," तो म्हणाला, आणि दोरी उलगडल्यापासून पहिल्यांदाच हसला.

"आणि लखमादादांचं माप?"

"पाट्या हातानं राकायच्या, मास्तर. ज्याचा हात हाय त्याचं माप."

हे त्याने किती सहज म्हटले, की म्हणताना त्याला किती जड गेले, हेही मला सांगता येणार नाही.

तरीकडे वळण्यापूर्वी माझ्या ध्यानात आले की फीत दिवसभर खिशातच राहिली होती. दोरी ताणली, पण खांबांमधले अंतर कोणी मोजून लिहिलेच नव्हते. फुटांत आणि इंचांत लिहून ठेवले तर पुढे भिंगाची, म्हाताऱ्यांची, कशाचीच गरज पडणार नाही. एवढे अंतर माणसाच्या वावाचे असू शकते की नाही, हेही लगेच ठरेल. मी उलट पावली पडवीत गेलो. सखूवहिनी सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली होती.

"वहिनी, या दोन खांबांतलं अंतर मोजून घेतो. पाच मिनिटांचं काम."

"कशापायी?"

"लिहून ठेवतो. संग्रहात राहील. कायमचं."

ती सूप खाली ठेवून उठली आणि एका खांबाला पाठ लावून उभी राहिली. "भावजी म्हन्तात खांब सरकल्यात."

"तेच तर कळेल मोजल्यावर."

"आनि सरकल्यालं निगालं तर? मंग मी रोज बगते ते काय?"

मी तिला सांगू शकलो असतो की खरे काय ते कळलेले बरे. त्यासाठीच तर मी आलो होतो, त्यासाठीच भाऊसाहेबांनी मला पाठवले होते. मी फीत अर्धी बाहेर काढली होती. ती पुन्हा गुंडाळली आणि खिशात घातली.

"राहू दे," मी म्हणालो.

"च्या घेता काय?" ती म्हणाली.

चहा घेतला आणि निघालो. पडवीतून उतरताना माझी नजर त्या दोन खांबांवरून गेलीच. नजरेने माप घ्यायची माझी सवय जुनी आहे आणि माझा अंदाज सहसा दोन बोटांपलीकडे चुकत नाही. त्या दिवशी किती भरले, ते मी कोणत्याही वहीत लिहिलेले नाही. भाऊसाहेबांनी दोनदा विचारले, त्यांनाही सांगितले नाही. इथेही लिहीत नाही.